भर दुपारचं भूत

दोन वर्षं रिकामी बसल्यावर भिवराबाईला काम मिळालं, आणि तेही भुताचं.

काम घेऊन आले बुद्धभूषण सर. पालमच्या अलीकडे, फाट्यावरून कोसभर आत चालत गेलं की धनगरांची एक वाडी लागते. तिथल्या शाळेवर ते मास्तर. राहायला ताडकळसला, रोज मोटारसायकलवर येणं-जाणं. दिवाळीच्या सुट्टीत शहाणी माणसं सासुरवाडीला जातात, नाहीतर घराला रंग देतात. सरांनी सिनेमा काढायला घेतला. तोही भुताचा, आणि वर लोकांनी तो बघून हसायचं. खिसा फाटका, म्हणून कॅमेरा म्हणजे त्यांचाच फोन, बांबूला रबराने बांधलेला. रंगरंगोटीला त्यांची बायको मनिषा. नटमंडळी म्हणजे गावात त्या दिवशी ज्याला कामावर जायचं नसेल तो. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही.

सिनेमाचं नाव 'सोकावलेली म्हातारी'. गोष्ट अशी की एक म्हातारी एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या मरते. पण घरात तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं, त्यामुळे ती मेली हे कोणाला कळत नाही. आणि तिला कोणी सांगत नाही म्हणून तिलाही कळत नाही. ती आपली रोजच्यासारखी अंगण झाडते, कोंबड्या हाकलते, तांब्या इकडचा तिकडे ठेवते. घरच्यांना मात्र नुसता झाडू हलताना दिसतो आणि सगळ्यांची पाचावर धारण बसते. देवऋषी येतात, पळून जातात, पळताना एकाचं धोतर काट्याला अडकतं. असं पोट धरून हसायचं सगळं.

आपण यात काय करायचं, असं भिवराबाईने विचारलं.

"काई न्हाई मावशी. तुमी रोज घरात जे करता तेच करायचं," सर म्हणाले. "फक्त तुमी मेलेल्या हायत."

भिवराबाईने थोडा विचार केला. "जमंल," ती म्हणाली.

तिला जमण्यासारखंच होतं ते. दोन वर्षं ती तेच करत होती.

त्याआधीची बहात्तर वर्षं मात्र वेगळी होती. तिचा जन्मच वाटेवरचा. तिची आई मेंढरांमागे गंगेच्या काठाने चालली होती (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो), पोटात कळ आली, बाभळीखाली घोंगडं अंथरलं, आणि तिसऱ्या दिवशी लेकरू पाठीला बांधून बाई पुन्हा चालू लागली. लग्न झालं तेही अशाच चालत्या घरात. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं. कोणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, रानवाला देईल ती ज्वारी घ्यायची, उठायचं, पुढच्या शिवारात जायचं. मृगाच्या तोंडावर परत. नवरा गेला, तरी तिचं चालणं थांबलं नाही. घरात भिंतीला टेकून बसलेली भिवराबाई वाडीतल्या कोणी पाहिलीच नव्हती.

आणि या चालण्यातला अर्धा रस्ता तिने उलटा कापला होता. ज्यांनी मेंढरं राखली नाहीत त्यांना हे सांगावं लागतं. वाटेत मेंढी व्याली की ती पिल्लू सोडून हलत नाही, आणि पिल्लाला तर चालता येत नाही. मग कोकरू उचलायचं, मेंढीच्या नाकासमोर खाली धरायचं, आणि आपण मेंढीकडे तोंड करून पाठीमागे पाठीमागे चालत राहायचं. आई पिल्लावर नजर ठेवून पुढे येते, तिच्यामागे कळप येतो. भिवराबाई अशी काट्याकुट्यातून, ढेकळातून, ओढ्यातून कोसच्या कोस उलटी चालली आहे आणि एकदाही पडली नाही. पडली ती म्हातारपणी, सरळ चालताना, घरामागच्या नाल्यात.

त्या पडण्याने गुडघा गेला. लेकाने, बिरदेवने, त्याच महिन्यात कळप चुलतभावाला, मल्हारीला, देऊन टाकला. बिरदेव वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तो टेम्पो चालवतो, आईला वेळेवर गोळ्या आणतो. एखादी मेंढी तरी ठेव म्हणाली, तर तो म्हणाला, एकटं मेंढरू झुरून मरतं. ते खरंच आहे. माणसाबद्दल त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

आता जी गोष्ट भिवराबाई कोणाला सांगत नसे ती अशी. तिची सासू म्हणायची, "माणसाचं वय दातावरनं न्हाई, मेंढरावरनं कळतं. तुझ्या हाकंला मेंढरू मान वर करंना झालं की समज, तुझा रस्ता सरला." सासूचा रस्ता असाच सरला होता. एका संध्याकाळी म्हातारीने हाक मारली आणि एकाही मेंढराने चरायचं थांबवलं नाही. ती घोंगडं गुंडाळून घरी आली, आणि त्याच थंडीत गेली.

म्हणून कळप गेल्यापासून भिवराबाईने हाक मारली नव्हती. मल्हारीची मेंढरं या दोन वर्षांत तीनदा वाडीजवळून गेली. तिने घंटी ऐकली आणि तिन्ही वेळा ती घरात जाऊन बसली. विचारलंच नाही तर उत्तर वाईट कसं येईल? ती हाक लिहून दाखवता येत नाही. जीभ टाळूला लागते, घशातून काहीतरी गोल वर येतं आणि रानभर पसरतं. दोन वर्षं ते तिने गिळून ठेवलं होतं.

शूटिंग सुरू झालं ते दुपारी बाराला. भुताचा सिनेमा आणि भर दुपारी? सर म्हणाले, रात्री काढायचा तर मोठाले दिवे लागतात, ते आपल्याकडे कुठले. आता उन्हात काढू, मग परभणीला मेव्हण्याच्या कंप्युटरवर सगळं निळं करून टाकू, की झाली रात्र.

"म्हंजी रात परभणीत बनती?" भिवराबाईने विचारलं.

"व्हय. पण तुमी इथं अंधार हाय असंच समजून चालायचं."

मग ती अंधार आहे असं समजून चालली. कार्तिकातलं ते ऊन, वेचायला आलेला कापूस सगळीकडे पांढरा, हिरव्या ज्वारीवरून येणारा गार वारा, आणि त्या लख्ख उजेडात ही बाई हातात पेटता कंदील घेऊन चाललेली. कंदिलाची ज्योत दिसतही नव्हती, नुसती काचेपाशी हवा थरथरत होती. मनिषा 'अंधारात' ठेचकाळू नका म्हणायची. हळूहळू सगळेच दबक्या आवाजात बोलू लागले. तिसऱ्या दिवसापर्यंत भिवराबाईला खरंच रात्र वाटायला लागली. डोक्यावर सूर्य, आणि आत कुठेतरी चांदणं पडलेलं. चालता चालता वाटायचं, आता त्या लिंबापलीकडे तळ पडलेला असेल, तीन दगडांची चूल पेटली असेल, तिचे गेलेले मालक घोंगडीवर आडवे होऊन विडी ओढत असतील. तिने एकदा तिकडे वळून पाहिलंसुद्धा. लिंबाखाली सरांची मोटारसायकल होती.

पहिल्या दिवसाची एक फजिती सांगायची राहिली. नवीन काम सुरू करताना आपल्या देवाचा भंडारा लावायचा, हा तिचा जन्माचा रिवाज. मेंढराला लावायचा, काठीला लावायचा, टेम्पोला लावायचा. सर पाणी प्यायला गेले तेव्हा तिने चिमूटभर हळद काढली आणि फोनच्या कपाळाला लावली. फोनचं कपाळ कुठलं? तिला ते वरचं काळं गोल भिंगच कपाळ वाटलं. त्या दिवसाचं सगळं काम पिवळं आलं. निळी रात्र करायला बसलेला मेव्हणा हैराण झाला. भूत, अंगण, कोंबड्या, सगळं हळदीत बुडवून काढल्यासारखं. सरांचा देवावर विश्वास नाही, भुतावर तर त्याहून नाही. पण ते रागावले नाहीत. पुढे मात्र पाणी प्यायला जाताना फोन खिशात घालून जाऊ लागले.

चौथ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत भिवराबाई तशीच घरी गेली. तोंडाला पांढरी पावडर, डोळ्यांखाली काजळाचे खड्डे, केस मोकळे सोडलेले. सुनेला, शालूला, दचकवायचं असं तिच्या मनात होतं. शालू पहाटेपासून दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून नुकतीच आली होती, चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिने मागे न बघता ताट सरकवलं, भाकरी वाढली, ठेचा वाढला. बिरदेव आला, खुंटीवरचा चार्जर काढला, "माय, गोळी घे," म्हणाला आणि गेला. तेवढं कुत्रं भुंकलं आणि बैलगाडीखाली जाऊन बसलं. भिवराबाई जेवली, ताट घासलं, पालथं घातलं आणि परत आली.

तिने हे मनिषाला हसत हसत सांगितलं. कुत्र्यापर्यंत आल्यावर मनिषाही खूप हसली. मग तिच्या तोंडाची पावडर पुन्हा सारखी करू लागली, जरा जास्तच वेळ. सर इतकंच म्हणाले की हे आपण लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, अति झालं. भिवराबाईला रात्री झोपताना त्या जेवणाचं वाईट वाटलं. दुपारी वाटलं नव्हतं.

शेवटचा प्रसंग सरांनी राखून ठेवला होता. त्यात म्हातारी रानात उभी राहून घरच्यांना हाक मारते. कोणी येत नाही. तेव्हा तिला कळतं की आपण मेलो आहोत, आणि ती निघून जाते. भुताचे पाय उलटे असतात, तर ते दाखवायला साधी युक्ती: तिने उलटं चालायचं, आणि नंतर कंप्युटरवर चित्र उलटं फिरवायचं, मग ती सरळ जाताना दिसेल, पण पावलं अशी पडतील की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. सरांना काळजी होती की चौऱ्याहत्तर वर्षांची बाई ढेकळातून उलटी चालणार कशी. भिवराबाईने त्यांना चालून दाखवलं. गुडघा दुखायचा तो सरळ चालताना. मागे जाताना त्याला जणू जुनं काही आठवायचं. सर बघतच राहिले.

उलटं चालणं ठीक, पण हाक? पहिल्या दिवशी तिने घसा बसलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी, वारा लय हाय. मनिषा म्हणाली, बारीक आवाजात मारा, आवाज नंतर मोठा करता येतो. तिने "ए शालू" अशी हाक मारून पाहिली; ती भाजीवालीला बोलावल्यासारखी झाली. सुट्टी संपायला एक दिवस उरला.

आणि त्या दिवशी शेजारच्या रानात मल्हारीचा कळप बसलेला होता. मेंढरं घेऊन तो गंगेच्या काठाला निघाला होता, जाता जाता दोन दिवस तिथे बसवली होती. तो स्वतः बांधावर येऊन चुलतीच्या पाया पडला, तोंडाची पावडर बघून हसला. चुलतीने बाकी कोणाचं विचारलं नाही, चांदी कशी आहे एवढंच विचारलं. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी मेंढी, गळ्यात घंटी घालून कळपाच्या पुढे चालायची ती.

"थकली, काकू," मल्हारी म्हणाला. "एका डोळ्यानं दिसंना तिला. घंटी दुसरीच्या गळ्यात घातली. आता ताडकळसच्या बाजारात काढतो. तुमच्यातली चार-पाचच ऱ्हायली, बाकी समदी नवी हायत."

भिवराबाईने कळपाकडे पाहिलं. उन्हात शंभर-सव्वाशे पाठी हलत होत्या आणि तिला एकही ओळखू येत नव्हती.

सरांनी सगळ्यांना गप्प केलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी फोन बांबूवरून सोडला आणि तिच्यापुढे धरला.

"लावा मावशी तुमचा भंडारा. माझा इश्वास न्हाई, पण रंग चांगला येतो."

तिने भिंगाला हळद लावली. आपल्या जागी जाऊन उभी राहिली. सरांनी पुन्हा समजावलं, की तुम्ही हाक मारायची आणि कोणी यायचं नाही. कोणी येत नाही हे दिसलं पाहिजे.

ते तिला नीट समजलं होतं. कोणी आलं नाही तर सिनेमा होईल आणि ती संपेल. कोणी आलं तर सिनेमा बिघडेल. दोन्ही एकदम चांगलं होईल अशी वाट तिला दिसेना. ती डोळे मिटून उभी राहिली. मिटल्या डोळ्यांआड ऊन लालसर झालं, मग काळपट, आणि मग तीच ती दुपारची रात्र पसरली. सासू बसली होती, घोंगडं गुंडाळत होती. भिवराबाईने तोंड उघडलं आणि दोन वर्षं गिळलेलं ते गोल वर येऊ दिलं.

हाक रानावरून गेली. कापूस वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या. मेंढरांनी नाही. एकाने कान हलवला, तोही माशीसाठी. नवी होती ती, त्यांचा काय दोष. सर हळूच मनिषाला म्हणाले, भारी आलं. भिवराबाईने ते ऐकलं. तिला रडू आलं नाही. नुसतं पोटातून काहीतरी उतरून गेलं, हातातलं भांडं जमिनीवर ठेवल्यासारखं.

मग कळपाच्या पार पलीकडून एक काळी मेंढी उठली. आधी मागचे पाय, मग बऱ्याच वेळाने पुढचे. ती दोन पावलं चुकीच्या दिशेला गेली, थांबली, मान वर करून हुंगली, आणि वळली. वाटेतली मेंढरं तिला ढकलत होती आणि ती त्यांच्यातून येत होती. घाई नव्हती. तिचा एक डोळा पांढरा झाला होता. बांधापाशी ती अडखळली. मल्हारी धरायला निघाला तर मनिषाने त्याचा हात घट्ट पकडला.

आणि भिवराबाईने जन्मभर जे केलं तेच केलं. ती कमरेत वाकली, दोन्ही हात कोकरू धरल्यासारखे खाली केले, आणि पाठीमागे चालू लागली. हातात काहीच नव्हतं. चांदी त्या रिकाम्या हातांवर नजर ठेवून एकेक पाऊल तिच्यामागे येत राहिली. दोघी ढेकळातून, वेचलेल्या कापसाच्या पळाट्यांमधून किती वेळ चालत होत्या कोण जाणे. थांबा म्हणायचं सरांना सुचलंच नाही. फोनची बॅटरी संपली तेव्हा सगळं थांबलं.

चांदी परत गेली नाही. मल्हारीने तिला नेण्याचा प्रयत्नही केला नाही. "तुमचीच हाय, काकू," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कळप घेऊन गंगेकडे गेला. बिरदेवने एकटं मेंढरू झुरून मरतं असं पुन्हा म्हणून पाहिलं. भिवराबाई म्हणाली, एकटं कुठंय?

सिनेमा दाखवला तो पौषात, शाळेच्या मोठ्या वर्गात, पुन्हा भर दुपारीच. खिडक्यांना लावायला पडदे नव्हते, म्हणून वाडीतल्या घरोघरच्या काळ्या घोंगड्या टांगल्या. अंधार झाला तो लोकरीच्या वासाचा. भिवराबाई पुढे, बाजूच्या भिंतीशी खाली बसली, शेजारी बिरदेव आणि शालू. चांदीला बाहेर झाडाला बांधलं होतं. लोक हसले, देवऋषीचं धोतर अडकलं तेव्हा तर मागचा एक बाक मोडला. सून ताट सरकवते तो प्रसंग सरांनी नंतर घातला होता. त्यालाही सगळे हसले. फक्त शालू हसली नाही, पदर तोंडाला लावून बसली.

मग शेवटची हाक आली. तो प्रसंग सरांनी निळा केला नव्हता. हळदीच्या उजेडात सगळं रान तरंगत होतं. चित्र उलटं फिरवलेलं, त्यामुळे झालं असं, की जी खरं तर पाठीमागे चालली होती ती भिवराबाई पडद्यावर पुढे चालत होती. आणि जी पुढे आली होती ती चांदी तिच्याकडे तोंड करून पाठीमागे पाठीमागे जात होती. पांढरा डोळा म्हातारीवर लावून ती एकेक पाऊल मागे सरकत होती, आणि वाकलेली म्हातारी रिकामे हात पुढे करून तिच्यामागे चालली होती. बांधावरून, पळाट्यांमधून, त्या पिवळ्या धुक्यातल्या कळपाकडे. असं कोण कोणाला नेतं हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पडदा रिकामा झाला. कोणीतरी घोंगड्या ओढून काढल्या आणि दुपार एकदम आत आली. सगळे डोळे चोळू लागले. बिरदेवने शेजारी पाहिलं. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, हात मांडीवर उताणे. लोक तिच्यावरून पाय टाकून बाहेर चालले होते. बिरदेवला त्या सिनेमातली पहिली दुपार आठवली, आणि आपण आईच्या तोंडाकडे शेवटचं कधी पाहिलं होतं ते मात्र आठवेना.

"माय," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"माय," त्याने पुन्हा हाक मारली, आता अशी मोठ्याने की दारातली माणसं जागीच थांबली.

भिवराबाईने मान वर केली. डोळे उघडून लेकाकडे बराच वेळ पाहिलं, लांबून आल्यासारखं.

"आयकू येतं मला," ती म्हणाली. "जा, चांदीला सावलीत बांध."